वाटीतले विरजण, बरणीतले खमीर

"वैनी, चमचाभर विरजण देता का जी?" चंद्रपूरच्या जुन्या वस्तीत, मूलमध्ये, वडसात, आरमोरीत ही हाक अजून ऐकू येते. हाक देणारीच्या हातात लहानशी वाटी असते. घरचे दही संपलेले असते, नाहीतर उन्हाने इतके आंबलेले असते की त्याने दूध विरजण्यात अर्थ राहिलेला नसतो. आतून चमचाभर दही येते, कधी सोबत कढीपत्त्याची डहाळी. याचा हिशेब कोणी ठेवत नाही, कारण आठ दिवसांनी हीच हाक उलट बाजूने येणार असते. काही घरांत दिवेलागणीनंतर विरजण देत नाहीत. मागणारीलाही ते ठाऊक असते, म्हणून ती उजेडीच येऊन जाते.

पावाच्या खमिराचे असेच वाटप २०२० च्या टाळेबंदीत जगभर झाले. दुकानांतले यीस्ट संपले, लोक घरात अडकले, आणि पीठ-पाणी कालवून आपोआप आंबवलेल्या खमिराच्या बरण्या घरोघर फिरू लागल्या. बरणीतले थोडे मैत्रिणीला द्यायचे, उरलेल्यावर पाव भाजायचा, आणि तो पावही कोणाला तरी नेऊन द्यायचा. माझ्या चंद्रपूरच्या स्वयंपाकघरातही अशी बरणी आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलखात या हौसेला जागा किती, इथे आधीपासून काय होते आणि बाहेरच्या अनुभवातून घेण्यासारखे काय, हे एकदा नीट पाहावे म्हणून हा आढावा. माझे म्हणणे आधीच सांगून टाकते. खमीर टिकवायचे तर ते दोन-तीन घरांत असावे लागते, आणि ते मागून न्यावे लागते. विरजण हेच करत आले आहे.

आधी इथले. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झाला, पण चुलींच्या सीमा त्या रेषेप्रमाणे जात नाहीत. वरोरा, भद्रावती, राजुरा या पश्चिमेच्या भागात ज्वारी आणि गहू. नागभीड, ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल आणि वैनगंगेपलीकडची आरमोरी-गडचिरोली ही झाडीपट्टी, म्हणजे भाताचा मुलूख. दक्षिणेला सिरोंचा तेलुगू बोलते आणि तेलुगू जेवते. भामरागड-एटापल्लीच्या माडिया घरांत जावा शिजते, तांदळाची किंवा कुटकीची पातळ पेज. उन्हाळ्यात ज्वारीचे पीठ रात्री भिजवून सकाळी आंबील करणे हे विदर्भातल्या शेतकरी घरांना नवे नाही. सिरोंच्याकडे अंबली आहे, इडली-डोशाचे पीठ आहे. चौकातल्या हलवायाकडे जिलबीचे कालवण आहे, दिवाळीच्या आधी अनारशाचे पीठ आहे. मोहाची फुले सडवली की त्याला मोहसडवा म्हणतात. बातम्यांत तो शब्द पोलिसांनी टाकलेल्या धाडीच्या निमित्ताने येतो.

या सगळ्याला आपण सरसकट 'आंबवणे' म्हणतो, पण यात दोन जाती आहेत आणि त्यांतला फरक फार महत्त्वाचा आहे. आंबील, इडलीचे पीठ, मोहसडवा हे आपोआप आंबतात. धान्यावर, डाळीवर, फुलावर जे सूक्ष्मजीव आधीच असतात तेवढे पुरतात. दही आणि हलवायाची जिलबी यांची गोष्ट वेगळी. तिथे कालचे थोडे राखून आजच्यात घालावे लागते. पहिल्या जातीला शेजारी लागत नाही, दुसरीला लागतो. इडलीचे पीठ बिघडले तर कोणी शेजारणीकडे चमचाभर मागायला जात नाही. दही बिघडले की जाते. मिरचीचे देठ दुधात घालूनही दही लागते, पण ते पहिल्या दिवशी धड लागत नाही, दोन-तीनदा लावल्यावर सुधारते. शेजारणीचे विरजण तेवढे दिवस वाचवते.

पावाचे खमीर या दोन जातींच्या मधले आहे. नुसत्या कणकेत पाणी कालवून ठेवले आणि रोज थोडे काढून टाकून नवे पीठ-पाणी घालत गेले, तर आठ-दहा दिवसांत ते स्वतःच उभे राहते. पण त्या आठ दिवसांत मधेच घाण वास येतो, बुडबुडे येऊन जातात, आणि पहिल्यांदा करणारी बहुतेक चौथ्या दिवशी ते फेकून देते. कोणाकडून चमचाभर आणले तर दुसऱ्या दिवशी पाव होतो.

मग पाव आपल्याकडे घरोघर का झाला नाही? चंद्रपूर-नागपूरकडे त्याला अजूनही डबलरोटी म्हणणारे आहेत. पहिले कारण हे की तो बाहेरून आला: 'पाव' हा शब्दच पोर्तुगीज, आणि तो आला गोव्याच्या नि वसईच्या वाटेने. गोव्यातल्या पोदेरांनी, म्हणजे पाव भाजणाऱ्यांनी, पीठ फुगवायला माडाची सूर वापरली. ताजी सूर म्हणजे यीस्टने भरलेला रस. काढल्यापासून तासाभरात ती फसफसू लागते. मुंबई-वसईकडच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत लग्नाकार्याला जे फुगे तळतात, त्यांचे पीठही जुन्या रीतीने ताडीवर फुगवलेले असे. आता गोव्यात बहुतेक ठिकाणी बाजारचे यीस्ट आले आहे. गडचिरोलीच्या जंगलात शिंदी आहे, ताड आहे, भामरागडकडे गोरग्याचे झाड आहे. फसफसणाऱ्या रसाची इथे कमतरता नाही. तरी त्या वाटेने खमीर करावे असे मी कोणाला सुचवणार नाही. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे आणि ती बायकांनी, गावांनी लढून आणलेली आहे. शेजारच्या चंद्रपुरात २०१५ मध्ये आलेली बंदी २०२१ मध्ये उठली, पण गडचिरोलीची टिकली. पाव फुगवायला कणीक पुरते. त्यासाठी त्या लढ्याला कुठे भोक पाडायचे कारण नाही.

दुसरे कारण विटाळाचे आहे आणि ते टाळून हा आढावा पुरा होणार नाही. किनाऱ्यावर पाव खाणे म्हणजे बाटणे असा समज पिढ्यान्‌पिढ्या होता, कारण त्यात कोणाच्या तरी हातचे पाणी होते. पाण्याची ही अट पावापुरती नव्हती. विरजणाच्या वाटपाचे मी वर जे कौतुक केले, त्याचा घेरही जातीने आखलेला होता. वाटी कोणत्या दारी जाते आणि कोणत्या दारी जात नाही, हे गावात न सांगता ठरलेले असे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूरनंतर १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. ज्या शहरात तो दिवस उगवला तिथे खमीर वाटायला निघणाऱ्यांनी आपल्या बरण्या कोणकोणत्या घरांत गेल्या हे एकदा मोजून पाहावे. बरणी आपल्याच नात्यातल्या चार घरांत फिरत असेल, तर जुनाच घेर नव्या पिठाने आखला जातो आहे. खमिराच्या वाटपाला माझ्या लेखी काही मोल असेल तर ते हा घेर मोडण्यातच आहे.

भाजण्याची कला मात्र इथे उसनी आणायला नको. विदर्भात रोडगे आहेत. जाडसर दळलेल्या गव्हाचे घट्ट गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, राख झटकून तुपात बुडवायचे, सोबत वांग्याची भाजी आणि वरण. शेतावर, देवस्थानात, नवस फेडताना रोडग्यांचा स्वयंपाक होतो आणि तो घरापुरता कधीच नसतो, पंगतच लागते. पळसाच्या पानात गुंडाळून भाजलेले पानगेही त्याच कुळातले. म्हणजे गव्हाचे पीठ कोरड्या आगीत भाजून चार लोकांना बोलावून खायचे, हे आपल्याकडे पक्के रुजलेले आहे. रोडग्यात फक्त खमीर नाही. ओव्हन नाही म्हणून पाव होत नाही असे जेव्हा कोणी म्हणते तेव्हा मला रोडगे आठवतात.

बाहेरच्या जगात खमिराभोवती पुष्कळ दंतकथा जमल्या आहेत. सॅन फ्रान्सिस्कोची बूदीन बेकरी १८४९ पासून एकाच खमिरावर चालते असे सांगते. १९०६ च्या भूकंपात शहर जळत असताना लुईझ बूदीन यांनी ते खमीर बादलीत भरून वाचवले, ही त्या घराण्याची प्रसिद्ध गोष्ट. बेल्जियममधल्या सेंट व्हिथ गावात २०१३ पासून खमिरांचे ग्रंथालय आहे. देशोदेशीची खमिरे तिथे शीतकपाटात क्रमांक लावून ठेवलेली आहेत. कौतुकाची गोष्ट आहे, पण जुनेपणाचा हा अभिमान विज्ञानाला फारसा मानवत नाही. २०२१ मध्ये ईलाइफ या नियतकालिकात चार खंडांतल्या ५०० खमिरांचा अभ्यास छापून आला. कोणते खमीर कोणत्या देशातले, याचा त्यातल्या सूक्ष्मजीवांशी फार थोडा संबंध निघाला. रोज नवे पीठ पडते, तशी आतली वस्तीही बदलत जाते. तेव्हा अमक्याचे दीडशे वर्षांचे खमीर मिळाले म्हणून हुरळून जाऊ नये. आपल्या आईचे विरजण तिच्या आईकडून आले, हे सांगताना आपणही विरजणाच्या वयाचा दावा करत नाही. देणाऱ्या हाताची आठवण ठेवतो, आणि तेवढे पुरे.

वाटपाच्या दोन परदेशी रीती मात्र नीट पाहण्यासारख्या आहेत, कारण त्या एकमेकींच्या अगदी उलट आहेत. एक अमेरिकेतला 'फ्रेंडशिप ब्रेड', ज्याच्यामागे अमिश लोकांचे नाव लावतात. दूध, साखर, मैद्याचे गोड खमीर दहा दिवस सांभाळायचे, मग त्याचे चार पेले करायचे. एक आपल्याला, तीन मैत्रिणींना, सोबत सूचनांचा कागद. मैत्रिणींनी दहा दिवसांनी तेच करायचे. ऐकायला गोड आहे, पण हिशेब करून पाहा. तिनाचे नऊ, नवाचे सत्तावीस. दहाव्या फेरीला, म्हणजे शंभर दिवसांनी, एकाच बरणीतून ५९,०४९ पेले नव्या दारांवर उभे राहतात. प्रत्यक्षात तसे होत नाही, कारण तिसऱ्या-चौथ्या फेरीला लोक ते मोरीत ओतू लागतात. न मागता आलेला जिवंत जीव सांभाळायची सक्ती कोणालाच नको असते.

दुसरी रीत कार्ल ग्रिफिथ यांची. त्यांच्या घराण्याने १८४७ मध्ये बैलगाड्यांच्या ओरेगॉन वाटेवरून नेलेले खमीर ते मागेल त्याला फुकट देत. २००० मध्ये ते गेल्यावर त्यांच्या मित्रांनी काम पुढे चालवले. मागणाऱ्याने स्वतःचा पत्ता लिहून, तिकीट लावून लिफाफा पाठवायचा. त्यातून वाळवलेल्या खमिराची चिमूट परत येते. इथे लादणे नाही. ज्याला हवे तो मागतो, मागतो म्हणून सांभाळतो. ही आपली विरजणाचीच रीत आहे, फक्त वाटीच्या जागी लिफाफा. दोन्ही तोलून पाहिल्यावर माझा कौल स्पष्ट आहे: खमीर वाटत सुटू नये, मागणारीला कधी नाही म्हणू नये.

आता इथल्या उन्हाचा प्रश्न, जो कोणत्याही परदेशी पुस्तकात सुटलेला नाही. खमिरात दोन वस्त्या एकत्र नांदतात. यीस्ट फुगवते, आम्ल करणारे जिवाणू आंबट चव देतात आणि पाव टिकवतात. यीस्टला साधारण २७ अंश सेल्सिअस मानवते, ३५ च्या पुढे ते थकते. जिवाणूंना थोडी अधिक ऊब आवडते. दह्याचे जिवाणू तर चाळिशीच्या पुढेच खुलतात. चंद्रपुरात आणि ब्रह्मपुरीत मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. त्या दिवसांत दही तीन-चार तासांत लागते, खमिरातले यीस्ट मात्र गळपटते आणि आंबटपणा तेवढा वाढत जातो. आम्ल फार झाले की गव्हातला चिवटपणा तुटतो, आणि कणकेचा गोळा परातीत चिखलासारखा पसरतो. पहिल्या उन्हाळ्यात माझे तेच झाले. लग्नाला म्हणून आठ दिवस गावाला गेले, वीज गेली, फ्रिज बंद पडला. परत आले तेव्हा बरणीत वर काळसर पाणी आणि खाली निर्जीव पीठ होते. दोन महिन्यांपूर्वी ज्या मैत्रिणीला मी त्यातले चमचाभर दिले होते, तिच्याकडून चमचाभर परत आणले. माझे खमीर आज जिवंत आहे ते तिच्यामुळे.

उन्हाळ्यात कामाला येणाऱ्या युक्त्या थोड्याच आहेत. खमीर पातळ न ठेवता घट्ट ठेवावे, पिठाच्या निम्मेच पाणी घालून. घट्ट गोळा सावकाश आंबतो. नवे पीठ घालताना जुने अगदी थोडे घ्यावे, वीस भागांना एक. फ्रिज नसेल तर बरणी माठाच्या ओल्या वाळूत ठेवावी आणि सकाळ-संध्याकाळ पीठ घालावे. आणि वर्षातून एकदा, फाल्गुनात ऊन चढायच्या आधी, खमीर ताटाला पातळ सारवून सावलीत वाळवावे, पापड्या झाल्या की कुस्करून कोरड्या डब्यात भरावे. ते महिनोन्‌महिने राहते; कोमट पाण्यात भिजवून दोन-तीनदा पीठ घातले की पुन्हा उठते. भामरागडसारख्या ठिकाणी, जिथे पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुराने रस्ता बंद पडतो आणि बाहेरून येणारे सारे थांबते, तिथे असा डबा घरात असणे मोलाचे आहे.

पिठाबद्दल. चक्कीच्या कणकेत कोंडा असतो, त्यामुळे ती लवकर आंबते, पाणी अधिक पिते आणि पाव दडस होतो. निम्मी कणीक, निम्मा मैदा घेतला तर हलका होतो. माझे माप असे: पीठ ५०० ग्रॅम, पाणी ३५०, ताजे फुगलेले खमीर १००, मीठ १०. थंडीत गोळा रात्रभर ठेवता येतो. उन्हात तीन तासांतच पाहावा लागतो. ज्वारी आणि तांदूळ यांत तो चिवटपणा नाही, म्हणून त्यांचे पीठ पाचव्या हिश्श्याहून अधिक घालू नये. झाडीपट्टीच्या घरांसाठी याहून चांगला मार्ग आहे: उरलेला मऊ भात कुस्करून कणकेत मळायचा. भात पाणी धरून ठेवतो आणि पाव तिसऱ्या दिवशीही मऊ राहतो. ओव्हन नसेल तर जाड बुडाचे पातेले आधी खूप तापवावे, गोळा आत सोडावा, झाकण घट्ट लावून त्यावरही निखारे ठेवावेत. वर-खाली निखाऱ्यांची ही रीत रोडग्यांची चूल पेटवणाऱ्याला शिकवावी लागत नाही. पाव नकोच असेल तर हेच खमीर घालून तव्यावर जाड भाकरही होते.

तब्येतीच्या दाव्यांबद्दल एवढेच म्हणेन की खमिराच्या आंबवण्याने कोंड्यातले फायटिक आम्ल कमी होते आणि लोह शरीराला अधिक मिळते. रक्त कमी असलेल्या बायका जिथे घरोघर आहेत तिथे ही लहान गोष्ट नाही. पण आंबील आणि इडलीच्या पिठातही हेच घडते. खमिराचा पाव म्हणजे औषध, असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. गहू या जंगलमुलखातल्या पुष्कळ घरांत रेशनमधूनच येतो; भाताच्या ताटावर पाव हा पाहुणा आहे आणि पाहुण्यासारखाच, सणावारी, कोणाला तरी नेऊन देण्यासाठी यावा.

वाटल्याने टिकलेली एक मोठी गोष्ट याच मातीतली आहे. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ च्या सुमारास आपल्या शेतातल्या धानात वेगळ्या दिसलेल्या लोंब्या बाजूला काढल्या, वर्षानुवर्षे निवडून पेरल्या. त्या वेळी लोकांच्या मनगटावर असलेल्या घड्याळाचे नाव त्या वाणाला पडले: एचएमटी. ते बियाणे शेतकऱ्याकडून शेतकऱ्याकडे गेले आणि महाराष्ट्राबाहेरही पोचले. ३ जून २०१८ रोजी दादाजी गेले. त्यांच्या वाट्याला पैसा फारसा आला नाही, पण त्यांचे वाण आज असंख्य घरांच्या ताटात आहे. एकाच कणगीत राहिले असते तर एखाद्या दुष्काळी वर्षात ते संपून गेले असते. माझ्या कणकेत जो भात मळला जातो तो बहुतेक वेळा त्याच धानाचा असतो.

ज्यांच्याकडे खमिराची बरणी आहे त्यांना एक विनंती. होळी झाली की, ऊन तापायच्या आधी, भाजलेला पाव घेऊन दोन घरी जा. एक घर तुमच्या नात्यागोत्याबाहेरचे असू द्या. पाव हातात द्या आणि विचारा, "चमचाभर खमीर ठेवाल का जी?" हो म्हटले तरच द्या. आणि पोळ्याच्या सुमारास, पाऊस पडून हवा निवल्यावर, तुमची बरणी वाचली असो वा नसो, त्या दोन्ही घरी खमीर मागायला जरूर जा. जाताना वाटी रिकामी नेऊ नका.